पोटात असताना

आत्ती,

काल तुमच्या नातीला घेऊन दवाखान्यात गेले होते. तिथल्या खुर्चीत बसल्यावर मला पहिल्यांदा कळलं, त्या दिवशी तुम्हाला काय झालं होतं. तुम्ही गेलात तेव्हा ही धड बोलतही नव्हती. आता पाचवीत आहे. शाळा सुटलीय, वर्गात कुणी नाही, खाली नळावर शिपाईमामा बादल्या भरतायत, आणि मी पोरांच्या बाकावर पाय आखडून बसून तुम्हाला लिहितेय. तुम्हाला वाचता येत नव्हतं, हे तुमच्या सुनेला का माहीत नाही? तरी लिहितेय. हे ज्याला सांगावं असं दुसरं माणूस मला उरलेलं नाही.

पोरगी अंगानं भरलीय. हातपाय बारीक आणि पोट पुढं, तशी. मानेवर मागच्या बाजूला तिला काळा पट्टा आलाय, मखमलीसारखा. मला वाटायचं मळ. दर रविवारी तिला मोरीत बसवून मी मान घासायची, आधी डाळीच्या पिठानं, मग लिंबानं, शेवटी काथ्यानं. ती रडायची, "आई, निघत नाही गं, आग होतीय." मी म्हणायची, "निघंल, गप बस." काल डॉक्टरांनी तिचे केस वर धरून मान बघितली आणि म्हणाले, "बाई, हे घासू नका. हा मळ नव्हे. शरीरातलं इन्सुलिन नीट लागू पडत नाही, त्याची खूण आहे ही." मग रक्त तपासलं. साखर पुरती चढलेली नाही, पण चढायच्या बेतात आहे म्हणाले. मग कागद पुढं ओढून, पत्ता विचारावा इतक्या सहज त्यांनी विचारलं, "ही पोटात असताना तुम्हाला शुगर होती का?" मी हो म्हटलं. "वाटलंच. आणि हिच्या वडिलांना?" त्यालाही हो म्हटलं. पोरगी माझ्या शेजारीच बसली होती, बोटावरचा कापूस दाबून धरत. ती आधी डॉक्टरांकडं बघत होती. मग माझ्याकडं बघायला लागली.

मला दिवस गेले तेव्हा आम्ही मंगळवार पेठेत दोन खोल्यांत राहत होतो. माझी शाळा तिथनं जवळ, आणि हे कंपनीच्या गाडीनं कागलच्या नव्या एमआयडीसीत लेथवर जायचे. तुम्ही कागलच्या घरी एकट्याच. बातमी कळली आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही एसटीनं दारात हजर. एका हातात पाय बांधलेली कोंबडी, दुसऱ्या हातात खपली गव्हाचं गाठोडं. चप्पल काढायच्या आधी म्हणालात, "आता मी हितंच. पोर हुईस्तवर तू चुलीकडं फिरकायचं न्हाय." आमच्याकडं गॅस होता, पण तुमच्या तोंडी ती चूलच.

इतकं मला माझ्या आईनंही कधी खाऊ घातलं नव्हतं. सकाळी उठले की उकडलेलं अंडं सोलून तयार. शाळेतनं आले की वाटीत अळणी, मटणाला तिखट लावायच्या आधी काढून ठेवलेलं पाणी, त्यावर तूप. आणि हुग्गी. खपली गहू उखळात सडून, रात्रभर भिजवून, गूळ आणि खोबरं घालून तुम्ही ती इतकी दाट शिजवायचात की पळी त्यात उभी राहायची. ही आमच्या जतकडची, तिकडं कानडी मुलुख लागतो, म्हणायचात. मी दोन घास कमी खाल्ले तर तुमचा चेहरा पडायचा. सरकारी दवाखान्यातनं मिळालेल्या लोहाच्या लाल गोळ्या मला पोटात ठरत नव्हत्या, उलटी व्हायची. शेजारणी म्हणायच्या, टाकून दे, त्या गोळ्यांनी पोर मोठं होतंय आणि बाळंतपण अडतंय. तुम्ही त्यांना दारातनंच परतवलंत. रोज जेवणानंतर गोळी तळहातावर ठेवून माझ्यासमोर उभ्या राहायचात, मी गिळेपर्यंत. "माझ्या टायमाला असल्या गोळ्या असत्या तर," इतकंच म्हणायचात आणि भांडी आवरायला वळायचात.

मग सातव्या महिन्यात माझ्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, गरोदरपणात होतं काही जणींना, बाळंतपणानंतर बहुतेक जाईल, पण तोवर गूळ-साखर बंद, भात कमी, थोडं थोडं पाच-सहा वेळा खायचं. आईच्या रक्तातली साखर नाळेतनं बाळाकडं जाते, बाळ नको तेवढं फुगतं. घरी येऊन मी तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही लाटणं खाली ठेवलंत.

"पोटुशीला खाऊ नको म्हणत्यात? कसल्या डागदरीण गं ह्या?"

"खाऊ नको नव्हे आत्ती. थोडं थोडं खा म्हणतात."

"थोडं थोडं मी खाल्लंय की," तुम्ही म्हणालात. "थोडं थोडं म्हंजी काय असतंय, मला इचार."

तेव्हा मला ते नुसतं सासूचं फटकन बोलणं वाटलं. तुम्ही हुग्गी करायची थांबला नाहीत. मी खाणार नाही म्हटल्यावर पातेलं ह्यांच्याकडं सरकवायचात. "खा रं, तुझ्या अंगावर तर काय हाय?" आणि हे खायचे. सदरा खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबायचा, गालफडं बसलेली, तरी तीन-तीन वाट्या खायचे आणि वर तांब्यावर तांब्या पाणी प्यायचे. तहान इतकी का लागते म्हटलं तर म्हणायचे, दिवसभर मशिनवर उभं राहायचं, उष्णता नसती व्हय? तुम्ही कौतुकानं बघत बसायचात. तुमच्या जन्मात पोराला पोटभर गोड खाताना बघणं ह्यापेक्षा मोठं सुख नव्हतं, हे मला दिसत होतं.

पथ्यानं भागेना म्हणून मला इन्सुलिनची सुई सुरू केली. घरी साखर बघायचं छोटं मशीन घ्या म्हणाल्या, आणि ते कसं वापरायचं हे शिकवायला डॉक्टरीणबाईंनी ह्यांना सुटीच्या दिवशी बोलावलं. तुम्ही पण आलात, पदर डोक्यावर घट्ट ओढून. बाईंना चेष्टेची सवय. ह्यांना म्हणाल्या, "आधी तुमचंच बोट टोचते, म्हणजे बायकोला रोज किती दुखतं ते कळेल." हे हसत हसत बोट पुढं करून बसले. थेंब पट्टीला लावला, मशीननं आकडा दाखवला आणि बाईंचं हसू गेलं. ह्यांचे हात साबणानं धुऊन घेतले, दुसरं बोट टोचलं. पुन्हा तेच. माझ्या साखरेहून ह्यांची कितीतरी जास्त होती. पंचविशीतला माणूस, काडीसारखा. बाईंनी ह्यांना पुन्हा पुन्हा तहानेबद्दल, लघवीबद्दल विचारलं, मग तुमच्याकडं वळल्या.

"आजी, हा जन्मला तेव्हा कसा होता? बारीक होता का?"

"मुठीएवढा हुता. का वो?"

"आणि हा पोटात असताना तुम्हाला खायला नीट मिळत होतं?"

तुम्ही पदर आणखी पुढं ओढलात. बाईंनी ते उत्तर समजून घेतलं असावं. त्या बोलत राहिल्या, तुमच्याशी कमी आणि स्वतःशी जास्त. पोटात उपासमार झाली की बाळाचं शरीर थोडक्यात भागवायला शिकतं, मग पुढं आयुष्यात पोटभर मिळायला लागलं की त्याला ते झेपत नाही, अशा माणसांना साखर लवकर धरते, असं आता डॉक्टर लोक म्हणायला लागलेत. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांना नवं काही वाचलेलं समोर खरं होताना दिसलं आणि त्या बोलून गेल्या. ह्यात तुमचा दोष नाही, असंही त्या म्हणाल्या असतील. मला आठवत नाही. तुम्हाला तर ते ऐकूच आलं नसणार.

"म्हंजी ह्यानं हे माझ्या पोटातनंच आणलंय व्हय?" तुम्ही विचारलंत.

हे म्हणाले, "असू दे की आई. आता काय परत पोटात जाऊन जेवून येऊ व्हय?" कुणीच हसलं नाही. ह्यांनाही आपलं बोलणं नको झालं.

घरी आलो. हे गोळ्या आणायला बाहेर गेले. तुम्ही स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलात, ओट्यावर सकाळची हुग्गी झाकलेली. मी पाणी पुढं केलं तर घेतलं नाहीत. तुम्ही माझ्याकडं न बघता बोलायला लागलात, आणि तो तुमचा आवाज मला अजून ऐकू येतो. तो खाली गेलेला होता. एरवी तुम्ही पाणी मागितलं तरी शेजारच्या घरात ऐकू जायचं.

"जतकडं हुतो तवा. भात्तरचा दुष्काळ. खडी फोडाय जायाची मी, ह्यो पोटात. दुपारचं सरकारी सुकडी वाटायची, गुळपिठाची. आपली रांग येगळी, समद्यांच्या मागनं. वाटणारी बाई माझं पोट बघून एक मूठ जादा घालायची, बोलायची न्हाय, डोळ्यानंच खुणवायची, पोटातल्याची हाय म्हणून. आन् थोरली खडीच्या ढिगावर बसल्याली. तीन वर्सांची. माझ्या हाताकडं बघत. काय करू, सांग की. पोटातलं दिसत न्हवतं, ही दिसत हुती. हिला दिली. माझीबी दिली, ह्याचीबी दिली. रोज दिली."

मी म्हटलं, "आत्ती, कुणीही हेच केलं असतं."

"कुणीबी केलं असतं," तुम्ही म्हणालात. "पर म्या केलं."

त्यानंतर तुम्ही हुग्गी केली नाहीत. माझं पथ्य तुम्ही इतकं काटेकोर सांभाळलंत की मलाच भीती वाटायची. ज्वारीची भाकरी, मेथी, मटकीची उसळ, ताक. पण ताट वाढताना हात थांबायचा. ज्या बाईनं जन्मभर कुणाला न विचारता दुसऱ्याच्या ताटात वाढलं, ती डाव हातात धरून माझ्याकडं बघायची, "किती घालू, तूच सांग बाई." ह्यांच्या ताटापाशी तर तुम्ही येतच नव्हता. हे ओरडायचे, "आई, वाढ की!" तुम्ही मला खूण करायचात, तू वाढ.

पोरगी झाली, पोट फाडून काढावी लागली, इतकी मोठी होती. वॉर्डातल्या बायका बघायला यायच्या, काय गुबगुबीत, काय गोरीगोमटी, आईनं चांगलं खाल्लेलं दिसतंय म्हणायच्या. मला माहीत होतं ते गुबगुबीतपण कशाचं आहे, पण त्या दिवशी मला तेही गोड वाटत होतं. तुम्ही तिला मांडीवर घेतलंत, तिच्या मनगटावरच्या वळ्यांतनं बोट फिरवलंत आणि मला हळूच विचारलंत, "ही भुकेली न्हाय न्हवं आली?" मी म्हटलं, "नाही आत्ती. पोट भरून आलीय." तेव्हा तुम्ही रडलात. दवाखान्यातल्या त्या दिवसापासून पहिल्यांदाच. मी खरं तेच सांगितलं होतं. पोट भरूनच आली होती ती.

तुम्ही गेलात ते कागलला परतल्यावर, दुसऱ्याच्या शेतात खुरप्यानं भांगलताना, उन्हात. आम्ही पोचेपर्यंत तुम्हाला घरी आणून ठेवलं होतं. थोरली निपाणीहून आली. उंच, रुंद खांद्यांची, चार बायकांचं काम एकटी उपसणारी. तिला अजूनपर्यंत साखर नाही, काही नाही. तुमच्या पायांवर डोकं ठेवून ती आक्रोश करत होती, "माझ्या आईनं मला कवा उपाशी ठिवलं न्हाय गं!" विहारातनं आलेल्या बायका तिला धरत होत्या, त्याही रडत होत्या. हे भिंतीपाशी उभे होते. मी ह्यांच्याकडं बघितलं नाही. खडीवरची ती गोष्ट तुम्ही फक्त मला सांगितली होती, आणि मी ती थोरलीला सांगितली नाही, ह्यांनाही नाही. तेवढं एक मी तुमच्यासाठी नीट केलं असं मला वाटतं.

ह्यांचं पुढचं तुम्हाला बघावं लागलं नाही, हे बरं झालं. गोळ्यांवरनं सुईवर आले. मग डोळे. लेथवरच्या मोजमापाच्या रेघा दिसेनात, माल परत यायला लागला. मिरजेला नेऊन डोळ्यांत लेसर मारून आणलं. कंपनीनं मशीनवरनं काढून स्टोअरला बसवलं, तिथंही चिठ्ठ्या वाचता येईनात. आता घरीच असतात. दिवाळीपासून पायावर सूज आहे, मूत्रपिंडाचं बघायला पाहिजे म्हणाले आहेत. ह्यांचं वय काय, आत्ती? ह्या वयातली माणसं तालमीत पोरांना कुस्ती शिकवतात. हे संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसतात आणि पावलांच्या आवाजावरनं कोण आलं ते ओळखतात.

आणि आता पोरगी. काल रिक्षात ती बोटावरचा कापूस चाचपत बसली होती. बिंदू चौक गेल्यावर म्हणाली, "आई, मी तुझ्या पोटात असतानाच बिघडले होते का?" रिक्षावाल्यानं आरशातनं बघितलं. मी म्हटलं, नाही गं, असं काही नसतं. ती म्हणाली, "मग डॉक्टर का विचारत होते?" मी वर्गात चाळीस पोरांच्या प्रश्नांना उत्तरं देते, आत्ती. ह्या एका प्रश्नावर मी रिक्षाचे सुटे पैसे मोजायला लागले. डॉक्टर बिचारे मागाहून पुष्कळ बोलले होते. दोष काढायला विचारत नाही, पुढं जपता यावं म्हणून विचारतो. वेळेत कळलंय, पोरीला खेळू दे, पळू दे, बेकरीचं बंद करा, जेवण मात्र तोडू नका, वाढीचं वय आहे. हे सगळं मी नीट ऐकलं होतं, मान डोलावली होती. पण आत उतरला तो पहिला प्रश्न. तुमच्यात नाही का उतरला? तुम्ही पोराला पोटात उपाशी ठेवलंत म्हणून त्याला झालं म्हणतात. मी तर खाल्लं, पथ्य पाळलं, लाल गोळ्या गिळल्या, मांडीत सुया टोचून घेतल्या. मग ह्या पोरीचं मी काय करायला हवं होतं? कुणीतरी मला हे सांगावं. मी रात्रंदिवस हाच हिशेब मांडते, आणि तो कुठूनही मांडला तरी माझ्यापाशीच येऊन थांबतो.

घरी आलो तर हे शेजाऱ्यांच्या हाताला धरून विहारात गेलेले, आमची जेवणं झाल्यावर परत आले; तोवर मी वेड्यासारखं केलं. बिस्किटं, फरसाण, खारी, सगळं पिशवीत भरून बाहेर टाकलं. मग गुळाचा डबा मोरीत उपडा केला. आपल्याकडचा गूळ, तो काय लगेच विरघळतोय? मोरी तुंबली. वरनं गरम पाणी ओतलं तर काकवी होऊन सगळीकडं पसरली. मी उकिडवी बसून दोन्ही हातांनी तो चिकट गाळ काढत होते आणि मोठ्यानं रडत होते. पोरगी दारात येऊन उभी राहिली. तिला वाटलं मी तिच्यावर चिडलेय. रात्री जेवायला बसली तर अर्ध्या भाकरीवर उठली. "मला बास. माझ्यात साखर आहे." उसळीला तर हातही लावला नव्हता. मी ताट घेऊन तिच्या मागं ह्या खोलीतनं त्या खोलीत फिरले. खाल्लं नाही तिनं. अकरा वर्षांची पोर, आत्ती, आपल्याच अंगाला भ्यायलीय. तुम्ही असता तर तिला काय म्हणाला असता, हे मी काल सारखं आठवायचा प्रयत्न केला. तुमचा आवाज आठवला, पण शब्द सापडले नाहीत. तुमच्यावर रागही आला. तुम्ही उन्हात खुरपं टाकून मोकळ्या झालात.

हे पत्र मी कुठं टाकणार? घडी घालून हजेरीच्या कपाटात ठेवलं तर कुणीतरी वाचेल, म्हणून घरी जाता जाता फाडून टाकीन. पण एक सांगायचं राहिलं. आज सकाळी शाळेला निघताना ह्यांनी खुर्चीतनंच विचारलं, "काल काय म्हणाले डॉक्टर? तू काय बोललीच नाहीस." पोरगी आत वेणी घालत होती. मी चप्पल घालत होते. ह्यांचे डोळे माझ्या आवाजाच्या दिशेनं, जरासे चुकून, दाराच्या चौकटीवर लागले होते. मला पुढचं सगळं दिसत होतं. हे विचारतील, म्हंजी पोरीनं हे माझं घेतलं व्हय? आणि तुमच्यासारखं ताटापासनं लांब बसायला लागतील. मी म्हटलं, "काय नाही. रक्त कमी आहे. टॉनिक दिलंय."

"बरं झालं," हे म्हणाले, आणि पाय सरळ करून खुर्चीत मागं टेकले.

मी खोटं बोलले, आत्ती. आणि जिना उतरताना मला बरं वाटत होतं.